मनगटावरचं भारनियमन

मुकुंद डुबलच्या घरात रिकाम्या खोलीतला पंखा फिरताना आजवर कोणी पाहिलेला नाही. पाहुणा हात धुवायला उठला की त्याच्या पाठीमागे खट्‌ असा आवाज यायचा आणि तो परत येईपर्यंत बैठकीत अंधार झालेला असायचा. वैजयंता पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, "हलत राहा ओ जरा. नाहीतर तुम्हालापण बंद करतील."

माणूस चिक्कू नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. वीज कंपनीतली त्याची बहुतेक नोकरी अशा एका खोलीत गेली, जिथं बसून कोणत्या गावाची वीज कधी तोडायची हे ठरवायचं असतं. मागणी फार वाढली की कोणाला तरी अंधारात ठेवावंच लागतं. नाही ठेवलं तर सगळी यंत्रणा कोसळते आणि दवाखान्यापासून पाणीपुरवठ्यापर्यंत सगळंच जातं. लोक त्याला भारनियमन म्हणतात आणि वर शिव्या देतात. मुकुंदनं त्या शिव्या जन्मभर खाल्ल्या. दवाखान्याची लाइन मात्र त्याच्या हातून एकदाही बंद झाली नाही, आणि हे तो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा.

दुसरा अभिमान होता तो वीजचोर पकडण्याचा. तारेवर आकडा टाकून वीज ओढणारा कितीही लपला तरी मुकुंदला तो बसल्या जागी सापडायचा. सगळे पंप बंद असण्याच्या वेळी लाइनवर थोडासाच पण सतत भार दिसला की तो म्हणायचा, "आहे. कोणीतरी आकडा टाकलाय." माणसं पाठवली की आकडा निघायचाच.

वैजयंता त्याच्या अगदी उलट टोकाची. तिची नोकरीच बोलण्याची. कराडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून ती गाड्या पुकारायची. गाडी वेळेवर येवो न येवो, तिचा आवाज वेळेवर यायचा. पुढं गाड्या पुकारायला यंत्र आलं, ती निवृत्त झाली, तरी मंडईत तिनं मेथीचा भाव विचारला की मागून कोणीतरी म्हणायचं, "स्टँडवरच्या बाई ना तुम्ही?"

घरात ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची, चारचौघांत 'आमचे हे'. त्याचं नाव तिनं एकदाच घेतलं, लग्नात, नणंदांनी दार अडवल्यावर उखाण्यात. दुसऱ्यांदा घेतलं ते थेट भोंग्यावरून. मुकुंद एकदा डबा तिच्याकडं विसरून पाटणच्या गाडीत जाऊन बसला होता. "मुकुंद डुबल यांनी चौकशी खिडकीजवळ येऊन आपला डबा घेऊन जावा," हे अख्ख्या स्टँडनं ऐकलं. त्यावरून तो चिडवायला लागला की ती मान उडवून म्हणायची, "मी नाही घेतलं तुमचं नाव. स्टँडवरच्या बाईनं घेतलं."

अशी ही बाई गेल्या वर्षी गौरीपुढं फराळ मांडत असताना हातातली करंजी पडली म्हणून उचलायला वाकली, आणि उठली तेव्हा तिचं बोलणं गेलेलं होतं.

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर सबनीस मेंदूच्या तज्ज्ञ. बोलायच्या भराभरा, पण समजेल असं. "बोलायचं काय, ते त्यांच्या मेंदूत व्यवस्थित ठरतंय," त्या म्हणाल्या. "शब्दही तयार होतायत. फक्त ते जिभेपर्यंत नेणारी वाट तुटलीय."

मुकुंदला हे पटकन कळलं. वीजनिर्मिती ठीक आहे, मधली लाइन तुटलीय.

उपाय नवा होता, पण आता कुठं कुठं मिळायला लागला होता. केसाहून बारीक तारांची एक जाळी कवटीच्या आत, मेंदूवर अंथरायची. शब्द जुळायला लागला की तिथल्या पेशींमध्ये विजेच्या अगदी हलक्या लहरी उठतात. जाळी त्या टिपते आणि मनगटावरच्या घड्याळाकडं धाडते. घड्याळ त्यांचा अर्थ लावतं आणि आवाजात बोलतं. आणखी काही तारा मानेत उतरवलेल्या असतात. घास गिळताना तो श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून घड्याळ त्यांच्यामार्फत घशाला वेळेवर इशारा देतं. चालताना तोल जायला लागला तरी तेच सावध करतं.

एवढा सगळा हिशेब त्या छोट्या घड्याळातच व्हायला लागतो. माणसाच्या मनातलं बोलणं बाहेरच्या कुठल्याही यंत्रावर पाठवायला कायद्यानं बंदी आहे. बॅटरी मोठी करावी तर घड्याळ तापून कातडीला चटका बसतो. हातात असताना चार्जिंग करता येत नाही, कारण बाहेरची वीज चुकूनही डोक्यातल्या जाळीपर्यंत पोचता कामा नये. दुसरं घड्याळ जोडीला ठेवावं तर त्याची आणि जाळीची ओळख पटायलाच महिने जातात. थोडक्यात, रात्रभर चार्ज करायचं आणि त्यावर दिवस काढायचा. माणूस जितका बोलेल तितकी बॅटरी उतरणार.

"घास आणि तोल या दोन ॲप्सना हिरवा ठिपका आहे, त्यांना हात लावायचा नाही," डॉक्टर सबनीस म्हणाल्या. "बाकी बॅटरी जपा. मागं चालणारी नको ती ॲप्स बंद करत चला. आणि दुपारी त्यांना निवांत बसू द्या. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात."

यातलं बॅटरीचं वाक्य मुकुंदनं काळजावर कोरून घेतलं. निवांत बसू द्या म्हणजे विश्रांती, असं त्यानं धरलं. त्याच दिवशी तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं वैजयंताला एकटीला आत बसवून बराच वेळ काहीतरी समजावलं, हेही त्यानं पाहिलं होतं. तो त्या वेळी चार्जरची चौकशी करत होता. वैजयंता बाहेर आली ती ओठांवर बोट ठेवूनच, आणि ती मुलगी हसत होती.

घड्याळ सुरू झालं तेव्हा वैजयंतानं नवऱ्याकडं खूप वेळ बघितलं. मग तिच्या मनगटातून स्टँडवरचा तो खणखणीत आवाज आला, "अहो, नाक पुसा. लोक बघतायत." तिच्या जुन्या घोषणांवरून तो आवाज बनवला होता. मुकुंद रडत होता तो हसायला लागला, आणि नाक पुसायचं तेवढं राहून गेलं.

पहिला आठवडा नुसता सण होता. आमटीत मीठ कमी आहे हे वैजयंता अशा सुरात सांगायची की आता आमटी फलाट क्रमांक चारवर लागणार असं वाटावं. शेजारच्या शकीलाभाभी सकाळी चहाला म्हणून यायच्या आणि जेवायच्या वेळेला उठायच्या. सगळ्या साठलेल्या गप्पा एकदम सुटल्या होत्या. मुकुंद पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसायचा आणि पान उलटायचं विसरायचा.

रविवारी रात्रीच्या जेवणात भाकरीचा तुकडा वैजयंताच्या घशात अडकला. ती घड्याळाकडं बोट दाखवत होती. घड्याळ काळं पडलं होतं. दिवसभराच्या बोलण्यात बॅटरी संपली, आणि बॅटरीबरोबर 'घास'ही गेला होता. मुकुंदनं तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या, पोट आवळलं, देवाचं नाव घेतलं. तिचा चेहरा शिशासारखा झाला तेव्हा कुठं तुकडा बाहेर पडला. नंतर ती त्याला थोपटत होती आणि तो फरशीवर बसून ते काळं घड्याळ पुन्हा पुन्हा दाबून बघत होता.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून दवाखान्याची लाइन बंद पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून मुकुंदनं कारभार हातात घेतला. जेवणासाठी राखीव साठा ठेवायची सोय घड्याळात होती. त्यानं तो घड्याळानं सुचवला त्याच्या दुप्पट ठेवला. साठा राखीववर आला की 'घास' आणि 'तोल' सोडून बाकी सगळं आपोआप बंद. उरलेल्या बॅटरीचं त्यानं नोकरीत करायचा तसंच वाटप केलं. बोलण्याचं ॲप 'वाचा'. ते सकाळी चहापासून आंघोळीपर्यंत चालू. दुपारी बंद. संध्याकाळी हैदराबादहून मुलीचा, तनूचा, फोन येईपर्यंत बंद. फोनपुरतं चालू.

"मी काय शेतीपंप आहे का?" वैजयंतानं विचारलं.

"शेतीपंपाला आठ तास देत होतो. तुला त्याच्याहून बरं जमवतोय की."

"भाभींना काय सांगू?"

"सांग, गावाकडं गेलीय म्हणून."

ती हसली. घड्याळाला हसणं येत नव्हतं, ते तिचं तिलाच करावं लागायचं. मुकुंदलाही वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय.

एक गोष्ट मात्र त्याला खुपायला लागली. दुपारी 'वाचा' बंद असायचं. जेवण झालेलं असायचं. वैजयंता गॅलरीतल्या खुर्चीत डोळे मिटून नुसती बसलेली असायची. तरी बॅटरी उतरत होती. थोडीच, पण सतत. मुकुंदनं आठवडाभर लक्ष ठेवलं. घड्याळ गप्प, बाई गप्प, आणि भार चालूच. इतक्या वर्षांनी त्याच्या अंगात जुनं वारं शिरलं.

"आहे," तो स्वतःशी म्हणाला. "कोणीतरी आकडा टाकलाय."

तो सेटिंगांत शिरला. तिथं चालू ॲप्सच्या अगदी तळाशी एक करडं चिन्ह होतं. 'पार्श्वसेवा ३'. बाकी काही माहिती नाही. हिरवा ठिपका नाही. ती फक्त घड्याळ गप्प असतानाच चालत होती, म्हणजे चोराचीच सगळी लक्षणं. तरी मुकुंद सावध माणूस. त्यानं घड्याळाच्या कंपनीला फोन लावला. तिकडून यंत्र गोड आवाजात बोललं, "मागे चालणारी ॲप्स बंद केल्यास बॅटरी अधिक काळ टिकते." डॉक्टरही हेच बोलल्या होत्या. त्यानं अंगठ्यानं ते करडं चिन्ह वर सरकवलं. ते नाहीसं झालं.

त्या दिवशी संध्याकाळी तनूच्या फोनला नेहमीपेक्षा बराच जास्त साठा उरला. आई आणि लेक पोटभर बोलल्या. मुकुंदला नोकरीतल्या चांगल्या दिवसांसारखं वाटलं. घड्याळ रोज सकाळी सुरू झालं की ती सेवा पुन्हा डोकं वर काढायची आणि मुकुंद रोज चहा झाल्यावर ती बंद करायचा. देवाला फूल वाहिल्यासारखं ते एक रोजचं काम होऊन गेलं.

काही दिवसांनी एका संध्याकाळी तनूचा फोन यायच्या जरा आधी वैजयंतानं त्याची बाही ओढली. 'वाचा' नुकतंच चालू केलेलं होतं.

"अहो, दुपारी गळ्यात काहीतरी व्हायचं. गुदगुल्या झाल्यासारखं. आता होत नाही."

"त्रास होत होता का?"

"त्रास नाही हो. बरं वाटायचं."

मुकुंद मनातून सुखावला. त्या चोरट्या ॲपमुळंच घशात काहीतरी होत असणार, आणि आपण ते बंद केलं. "गेलं ना आता? मग झालं की," तो म्हणाला.

"तसं नाही. तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं तर. दुपारी मी तिथं बसून—"

मुकुंद तिच्या तोंडाकडं बघत नव्हता. तो घड्याळातला बॅटरीचा आकडा बघत होता. आज सकाळी भाभी जास्त बसल्या होत्या आणि साठा राखीवच्या जवळ आला होता. तनूला आईचा आवाज दोन मिनिटं तरी ऐकायला मिळायला हवा. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं आणि 'वाचा' वर सरकवून टाकलं. वाक्य अर्ध्यात तुटलं.

"उद्या सांग हां वैजू," तो म्हणाला. "उद्या सकाळी निवांत."

वैजयंतानं तोंड उघडलं. त्यातून अं, अं असं काहीतरी आलं. मग तिनं ते मिटलं आणि त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसलं. तनूची आठवण येत असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं काही सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती हळूहळू बोलायचीच कमी झाली. आपण बोलायला लागलो की नवऱ्याची नजर चेहऱ्यावरून मनगटावर उतरते, हे तिच्या लक्षात आलं होतं. सांगायचं ते ती चार शब्दांत बसवायची, आणि न बसणारं सोडून द्यायची. भाभी आल्या तरी चहा घेऊन लवकर उठायला लागल्या. मुकुंदला उलट समाधान वाटायचं. रोज रात्री घड्याळ चार्जिंगला लावताना त्यात चांगला साठा उरलेला असायचा. तो सकाळी पुन्हा शंभरावरच जाणार होता, राहिलेले शब्द काही कुठं जमा होत नव्हते, हे त्या हुशार माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

दुपारी मात्र ती न चुकता गॅलरीत बसायची. डोळे मिटून, हनुवटी किंचित वर करून. गुदगुल्या होत नव्हत्या तरी बसायची.

सहा महिन्यांनी तपासणीला पुण्याला गेले तेव्हा डॉक्टर सबनीस खुशीत होत्या. "या वैजयंताताई. काय म्हणतोय दुपारचा सराव?"

"कसला सराव?" मुकुंदनं विचारलं.

डॉक्टरांनी घड्याळ आपल्या यंत्राला जोडलं. पडद्यावरची माहिती वाचता वाचता त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा एकदा सगळं नीट पाहिलं.

"पार्श्वसेवा तीन कोणी बंद केली?"

"मी केली," मुकुंद म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात शाबासकीची थोडी आशा होती. "गळती होती मॅडम. घड्याळ वापरात नसताना गुपचूप भार ओढत होती. मी शोधून काढली."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. या वेळी त्या भराभरा बोलल्या नाहीत.

"ती गळती नव्हती, डुबल. घड्याळातलं खरं औषध तेच होतं. माणूस गप्प बसून मनातल्या मनात एखादा शब्द उच्चारतो, तेव्हा ही सेवा तो पकडते आणि नेमक्या त्याच क्षणी घशाला, जिभेला बारीकसा झटका देते. मनात शब्द आणि तोंडात हालचाल, दोन्ही एकाच वेळी. असं हजारो वेळा झालं की मेंदू तुटलेल्या वाटेचा नाद सोडतो आणि शेजारच्या चांगल्या भागातून नवी वाट काढतो. घड्याळ हा नुसता टेकू होता. सहा महिन्यांनी, वर्षानं तो काढून टाकायचा. माणूस आपल्या तोंडानं बोलतो."

"मग आता चालू करू की," मुकुंद म्हणाला. "आता चालू करतो. सगळं चालू करतो."

"करा. पण आजारानंतर मेंदू काही महिनेच असा ओला असतो. नंतर तो घट्ट होतो. मी खोटी आशा लावणार नाही."

"हिरवा ठिपका नव्हता हो त्याच्यावर."

"असायला हवा होता. मधल्या एका अपडेटमध्ये गेला. आणि आमचंही चुकलं, तुम्हाला सांगायला हवं होतं." त्या वैजयंताकडं बघून थांबल्या. "त्यांनी सांगू नका म्हणून बजावलं होतं. पहिला शब्द त्यांनी स्वतः निवडला होता. तो तुम्हाला अचानक ऐकवायचा होता त्यांना."

वैजयंता सगळं ऐकत होती. घड्याळ डॉक्टरांच्या यंत्राला जोडलेलं होतं, त्यामुळं तिला काही म्हणायचं असलं तरी म्हणता येत नव्हतं.

"ताई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "पहिले काही आठवडे ती सेवा चालली होती. काही येतंय का बघू या? घड्याळाशिवाय?"

वैजयंतानं नवऱ्याकडं पाहिलं. हनुवटी किंचित वर केली. ओठ मिटले.

"मु," ती म्हणाली.

आवाज स्टँडवरच्या बाईचा नव्हता. खालचा, घोगरा, पहाटे उठल्याउठल्याचा तिचा स्वतःचा आवाज. मुकुंद तो जवळजवळ विसरला होता.

"कुं."

पुढं तिची मान ताठ झाली. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या. द म्हणायला जिभेचं टोक दातांना टेकावं लागतं. ती जीभ तोंडातल्या तोंडात काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. तिनं पुन्हा सुरुवात केली. मु. कुं. पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा डॉक्टरांनीच तिच्या हातावर हात ठेवला.

मुकुंदनं अशी गावं पाहिली होती. शिवेपर्यंत खांब येऊन उभे असतात, पुढं तार ओढायची राहून गेलेली असते. वर्षानुवर्षं लोक त्या खांबांना म्हशी बांधतात.

परतीच्या वाटेवर त्यानं घड्याळातलं झाडून सगळं चालू केलं. कधी उघडलीही नव्हती अशी ॲप्स चालू केली. "बोल गं वैजू," तो घाटात म्हणाला. "संपू दे बॅटरी. मी जेवताना पेज करून देतो, चमच्यानं भरवतो. बोल तू." ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर तो तिच्या खुर्चीपुढं खालीच बसला. "शिव्या दे मला. काय वाटेल ते बोल. पण बोल."

वैजयंतानं त्याच्याकडं पाहिलं. मग मनगटातून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, कुठंही न थरथरणारा. घड्याळाला थरथरणं शिकवलेलंच नव्हतं.

"मी सांगत होते. तुम्ही घड्याळ बघत होता."

मग तिनं मनगट वर उचललं आणि अंगठ्यानं 'वाचा' वर सरकवून बंद केलं. मुकुंद जसं करायचा, अगदी तसंच. सहा महिने रोज बघून बघून तिच्या हातात ते बसलं होतं.

तिनं ते पुन्हा कधी चालू केलं नाही. मुकुंद हात लावायला गेला तर ती मनगट मागं घ्यायची. आता 'घास' आणि 'तोल' सोडले तर घड्याळात दिवसभर एकच गोष्ट चालायची, पार्श्वसेवा तीन. आता फारसा उपयोग नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिनंही ऐकलं होतं. तरी ती सकाळपासून गॅलरीत बसायची. कपाळावर घाम यायचा. शकीलाभाभी कुंपणापाशी यायच्या, थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि पदरानं डोळे पुसत परत जायच्या. संध्याकाळ होईपर्यंत साठा राखीववर यायचा आणि सेवा आपोआप बंद व्हायची. ती त्यानंतरही तिथंच बसून राहायची.

तनूला मुकुंदनं काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचा, आज सांगू. रोज बॅटरीचं निमित्त पुढं करायचा.

"बाबा, आज तरी द्या ना आईला," तनू फोनवर म्हणाली. "किती दिवस झाले, तिचा आवाज नाही ऐकला."

"बॅटरी राखीववर आलीय गं."

"रोजच कशी येते? बाबा, तुम्ही तर एवढे पक्के. घरात एक दिवा जास्त जळू देत नाही. मागची ॲप्स बंद करत जा की जरा."

मुकुंदनं वर बघितलं. बैठकीत त्याच्या डोक्यावर पंखा होता. स्वयंपाकघरातला फिरत होता, आतल्या खोलीतला फिरत होता. पुण्याहून आल्यापासून त्या घरातलं एकही बटण त्याच्यानं बंद करवत नव्हतं.

गॅलरीतून आवाज आला. मु. कुं. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, मु. कुं.

"मागं कोण बोलतंय?" तनूनं विचारलं.

"आई."

"आई? घड्याळाशिवाय?" तनू एकदम ओरडलीच. "काय म्हणतेय?"

"मला हाक मारतेय."

"मग जा ना बाबा! बसलाय काय? जा ना!"

मुकुंद उठला. फोन हातात तसाच धरून तो गॅलरीच्या दारापर्यंत गेला. वैजयंताचे डोळे मिटलेले होते. ती त्याला बोलवत नव्हती. तो आलाय हे तिला कळलंही नव्हतं. तिचे ओठ मिटले, उघडले, आणि जीभ पुन्हा दात शोधायला लागली. तो दारात उभा राहून उरलेल्या अक्षराची वाट बघत राहिला, आणि हातातल्या फोनमधून तनू विचारत राहिली, "गेलात का बाबा? काय म्हणाली? बाबा?"